बहुमाध्यम अध्ययन

बहुमाध्यम अध्ययन म्हणजे शब्द आणि चित्रे यांच्या एकत्रित मांडणीतून घडणारे अध्ययन होय. यातील शब्द छापील किंवा उच्चारलेले असतात. चित्रांमध्ये आकृत्या, नकाशे, आलेख, छायाचित्रे, ॲनिमेशन आणि चित्रफिती यांचा समावेश होतो. सचित्र पाठ्यपुस्तक, फळ्यावर आकृती काढत केलेले स्पष्टीकरण, संगणकीय सादरीकरण, शैक्षणिक चित्रफीत व संगणकावरील आभासी प्रयोग ही त्याची परिचित रूपे आहेत. डिजिटल तंत्रज्ञानामुळे अशी सामग्री तयार करणे व दूरवर पोहोचवणे सुलभ झाले आणि शालेय तसेच उच्च शिक्षणात तिचा वापर वाढला. मात्र माध्यमांची संख्या वाढली म्हणजे अध्ययन आपोआप सुधारते असे नाही. मानवी स्मृतीच्या मर्यादा, सामग्रीची रचना, शिक्षकाची भूमिका आणि साधनांची उपलब्धता या गोष्टींवर तिची परिणामकारकता अवलंबून असते, असे या विषयावरील संशोधनातून दिसून आले आहे.

## व्याख्या आणि व्याप्ती

‘बहुमाध्यम’ ही संज्ञा तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरली जाते. पहिला अर्थ उपकरणांशी संबंधित आहे: संगणकाचा पडदा, ध्वनिक्षेपक, प्रक्षेपक अशी एकाहून अधिक साधने वापरणे. दुसरा अर्थ मांडणीच्या प्रकाराशी संबंधित आहे: एकच आशय शब्दांतून व चित्रांतून मांडणे. तिसरा अर्थ ज्ञानेंद्रियांशी संबंधित आहे: डोळे आणि कान या दोन्ही मार्गांनी माहिती ग्रहण करणे.

शैक्षणिक मानसशास्त्रात प्रामुख्याने दुसरा व तिसरा अर्थ ग्राह्य धरला जातो. उपकरणांवर आधारित व्याख्या अपुरी ठरते, कारण उपकरणे सतत बदलतात, पण शिकणाऱ्याच्या मनात घडणारी प्रक्रिया मूलतः तीच राहते. या दृष्टीने पाहता, आकृती काढता काढता बोलणारा शिक्षकही बहुमाध्यम अध्यापनच करत असतो. आणि पुस्तकाचे पान जसेच्या तसे पडद्यावर दाखवणारा महागडा प्रक्षेपक अध्यापनात फारशी भर घालत नाही.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

शब्द व चित्र यांची सांगड घालण्याची कल्पना जुनी आहे. मोरेव्हियातील शिक्षणतज्ज्ञ जॉन ॲमॉस कोमेनियस यांचे ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ हे पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक चित्रातील वस्तूंना क्रमांक दिले असून त्याच क्रमांकांनी शेजारच्या मजकुरात त्या वस्तूंची नावे दिली आहेत. मुलांसाठीच्या सचित्र पाठ्यपुस्तकांमध्ये हे आरंभीचे व अत्यंत प्रभावी पुस्तक मानले जाते.

विसाव्या शतकात प्रत्येक नव्या माध्यमाबरोबर शिक्षणक्रांतीची अपेक्षा व्यक्त झाली. चित्रपटांमुळे शाळेतील पुस्तके लवकरच कालबाह्य होतील, असे भाकीत अमेरिकन संशोधक थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये केले होते. पुढे रेडिओ, दूरचित्रवाणी व संगणक यांच्याबाबतही अशीच भाकिते झाली. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ लॅरी क्युबन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर्स अँड मशिन्स’ या ग्रंथात या अनुभवाचा आढावा घेतला. नवी साधने शाळांत आली, परंतु रोजच्या अध्यापनात त्यांना मिळालेले स्थान अपेक्षेपेक्षा पुष्कळच लहान राहिले, असे त्यांचे निरीक्षण आहे.

संगणकाधारित अध्यापनाचा आरंभीचा महत्त्वाचा प्रयोग म्हणजे इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेली ‘प्लेटो’ ही प्रणाली. १९८० व १९९० च्या दशकांत वैयक्तिक संगणक आणि सीडी-रॉम यांमुळे मजकूर, ध्वनी व चलत्‌चित्रे एकाच साधनावर आणणे शक्य झाले. त्यानंतर इंटरनेट व स्मार्टफोन यांच्या प्रसाराने अशी सामग्री शाळेबाहेरही उपलब्ध झाली.

## सैद्धांतिक पाया

बहुमाध्यम अध्ययनाचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला सिद्धांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी मांडला. त्यांच्या ‘मल्टिमीडिया लर्निंग’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. हा सिद्धांत तीन गृहीतकांवर उभा आहे.

पहिले गृहीतक दोन मार्गांचे आहे. मन शाब्दिक व दृश्य माहितीवर वेगवेगळ्या मार्गांनी प्रक्रिया करते. कॅनेडियन मानसशास्त्रज्ञ ॲलन पेव्हिओ यांचा द्विसंकेतन सिद्धांत आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेले कार्यकारी स्मृतीचे प्रारूप हे या गृहीतकाचे आधार आहेत.

दुसरे गृहीतक मर्यादित क्षमतेचे आहे. कार्यकारी स्मृतीत एका वेळी मोजकेच घटक धरून ठेवता येतात. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलेला संज्ञानात्मक भार सिद्धांत याच मर्यादेवर भर देतो.

तिसरे गृहीतक सक्रिय प्रक्रियेचे आहे. शिकणारा मिळालेली माहिती केवळ साठवत नाही. तो तिच्यातील महत्त्वाचे अंश निवडतो, त्यांची सुसंगत जुळणी करतो आणि दीर्घकालीन स्मृतीतील पूर्वज्ञानाशी त्यांचा संबंध जोडतो. यांना अनुक्रमे निवड, संघटन व एकात्मीकरण म्हणतात.

या सिद्धांतानुसार शिकणाऱ्याच्या मनावर तीन प्रकारचा ताण येतो. अनावश्यक सजावट व सदोष मांडणी यांमुळे येणारा ताण टाळण्याजोगा असतो. विषयाच्या मूळ काठिण्यामुळे येणारा ताण टाळता येत नाही, पण टप्प्याटप्प्याने हाताळता येतो. समजून घेण्याच्या प्रयत्नातून येणारा ताण मात्र हितकारक असून तो वाढवणे इष्ट असते. चांगल्या बहुमाध्यम रचनेचे उद्दिष्ट पहिला ताण कमी करणे, दुसरा आटोक्यात ठेवणे व तिसऱ्याला वाव देणे हे होय.

## रचनेची तत्त्वे

प्रयोगांच्या आधारे मेयर यांनी सामग्रीच्या रचनेची तत्त्वे निश्चित केली. ग्रंथाच्या २००९ मधील दुसऱ्या आवृत्तीत अशी १२ तत्त्वे असून २०२० मधील तिसऱ्या आवृत्तीत त्यांची संख्या १५ झाली. त्यांतील प्रमुख तत्त्वे पुढे दिली आहेत. स्पष्टीकरणासाठी शालेय भूगोलातील ‘प्रतिरोध पर्जन्य’ या पाठाचे उदाहरण घेतले आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर पाऊस पाडतात. पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात पाऊस कमी होतो.

* बहुमाध्यम तत्त्व: केवळ शब्दांपेक्षा शब्द व चित्रे यांच्या एकत्रित मांडणीतून अधिक चांगले आकलन होते. सह्याद्रीचा आडवा छेद दाखवणाऱ्या आकृतीमुळे वाऱ्यांचे चढणे व उतरणे शब्दांपेक्षा लवकर उमगते.
* सुसंगती तत्त्व: विषयाशी संबंध नसलेली चित्रे, संगीत व रंजक माहिती वगळल्यास अध्ययन सुधारते. पाठाच्या पार्श्वभूमीला पाऊसगाणे लावल्यास किंवा मध्येच धबधब्यावरील सहलीची दृश्ये घातल्यास पाठ आकर्षक वाटतो, पण लक्ष मूळ कार्यकारणापासून ढळते.
* संकेत तत्त्व: महत्त्वाचे भाग बाण, रंग, ठळक अक्षरे किंवा आवाजातील चढउतार यांनी सूचित करावेत. वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण व निवेदनातील योग्य विराम हे असे संकेत होत.
* अवकाशीय सान्निध्य तत्त्व: चित्र व त्याचे स्पष्टीकरण जवळजवळ असावे. ‘घाटमाथा’, ‘पर्जन्यछाया’ ही नावे आकृतीतच त्या त्या जागी लिहावीत. अ, ब, क अशी अक्षरे देऊन त्यांची सूची पानाच्या तळाशी दिल्यास दृष्टीला सतत ये-जा करावी लागते.
* कालिक सान्निध्य तत्त्व: दृश्य व त्यासंबंधीचे निवेदन एकाच वेळी यावे. आधी पूर्ण स्पष्टीकरण आणि नंतर पूर्ण ॲनिमेशन असा क्रम कमी परिणामकारक ठरतो. मेयर व रिचर्ड अँडरसन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी सायकलच्या पंपाचे कार्य दाखवणारे ॲनिमेशन वापरून हा परिणाम तपासला होता.
* संवेदनमार्ग तत्त्व: गतिमान दृश्यासोबत छापील मजकुराऐवजी उच्चारलेले निवेदन अधिक उपयुक्त असते. मजकूर व ॲनिमेशन दोन्ही डोळ्यांनीच पाहावे लागल्यास दृश्यमार्गावर दुहेरी ताण येतो.
* द्विरुक्ती तत्त्व: चित्र व निवेदन दोन्ही असताना तेच निवेदन पडद्यावर शब्दशः लिहून दाखवू नये. सादरीकरणातील परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत या कारणाने सदोष मानली जाते.
* टप्पे तत्त्व: गुंतागुंतीचा आशय लहान टप्प्यांत विभागावा आणि पुढे जाण्याचा वेग शिकणाऱ्याच्या हाती असावा.
* पूर्वपरिचय तत्त्व: मुख्य पाठापूर्वी महत्त्वाच्या संज्ञा व घटक यांची ओळख करून द्यावी. ‘सांद्रीभवन’ म्हणजे काय हे आधी माहीत असल्यास ॲनिमेशन पाहताना संज्ञा व प्रक्रिया दोन्ही एकाच वेळी समजून घ्याव्या लागत नाहीत.
* संवादशैली तत्त्व: अतिऔपचारिक भाषेपेक्षा शिकणाऱ्याशी संवाद साधणारी भाषा अधिक परिणामकारक ठरते. ‘वारे वर चढतात तेव्हा काय होते ते पाहा’ असे निवेदन शिकणाऱ्याला विचारात सहभागी करून घेते.

सुसंगती तत्त्वाला विशेष व्यावहारिक महत्त्व आहे. शॅनन हार्प व मेयर यांनी १९९८ मध्ये विजेच्या निर्मितीवरील पाठात वीज कोसळल्याच्या रंजक घटना समाविष्ट करून त्यांचा परिणाम तपासला. अशी माहिती मिळालेल्या विद्यार्थ्यांना मुख्य स्पष्टीकरण कमी आठवले आणि त्यावर आधारित प्रश्न सोडवण्यातही ते मागे पडले. केवळ विद्यार्थ्यांचे लक्ष वेधून घेणे हा चांगल्या सामग्रीचा निकष होऊ शकत नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

## तत्त्वांच्या सीमा

ही तत्त्वे सर्व परिस्थितींत सारखीच लागू पडत नाहीत. नवशिक्यांना उपयुक्त ठरणारे तपशीलवार मार्गदर्शन जाणकारांना निरुपयोगी, प्रसंगी अडथळा ठरते. स्लावा काल्युगा, स्वेलर व त्यांचे सहकारी यांनी याला ‘प्रावीण्य-विपर्यय परिणाम’ म्हटले आहे. एकाच वर्गात वेगवेगळ्या पातळीचे विद्यार्थी असताना हा प्रश्न तीव्र होतो.

द्विरुक्ती तत्त्वाची सीमा भारतातील एका उपक्रमातून स्पष्ट होते. अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९० च्या दशकात दूरचित्रवाणीवरील चित्रपटगीतांना त्याच भाषेतील तळओळी देण्याची कल्पना मांडली. येथे ऐकू येणारे शब्दच पडद्यावर लिहिलेले दिसतात, म्हणजे वरवर पाहता द्विरुक्ती तत्त्वाचा भंग होतो. परंतु येथील उद्दिष्ट एखादी प्रक्रिया समजावणे हे नसून वाचनाचा सराव देणे हे आहे. ओळखीच्या गाण्याचे शब्द आधीच पाठ असल्याने अक्षर व उच्चार यांची सांगड घालणे नवसाक्षरांना सोपे जाते. श्रवणदोष असलेल्यांना व परभाषेतून शिकणाऱ्यांनाही तळओळी आवश्यक असतात. तत्त्वाचा वापर अध्ययनाचे उद्दिष्ट पाहून करावा लागतो, हे यातून दिसते.

मूळ प्रयोगांवर आणखी एक आक्षेप घेतला जातो. त्यांपैकी बरेच प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, प्रयोगशाळेत, काही मिनिटांच्या पाठांच्या आधारे झाले. प्रत्यक्ष वर्गात, दीर्घ काळात व वेगवेगळ्या वयोगटांत परिणामांचे प्रमाण बदलते.

## प्रचलित गैरसमज

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचा ‘अनुभवशंकू’ शिकवला जातो. डेल यांनी तो १९४६ मध्ये मांडला. प्रत्यक्ष अनुभवापासून शाब्दिक संकेतांपर्यंत अमूर्ततेचा चढता क्रम दाखवणे एवढाच त्याचा हेतू होता. वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के लक्षात राहते अशा स्वरूपाची टक्केवारी या शंकूला नंतर जोडली गेली. डेल यांच्या मूळ मांडणीत ती नाही आणि तिला प्रयोगाचा आधारही सापडत नाही. तरीही दृक्‌श्राव्य साधनांचे समर्थन करताना ती वारंवार उद्धृत केली जाते.

काही विद्यार्थी ‘दृश्य’ तर काही ‘श्राव्य’ प्रकारचे असून प्रत्येकाला त्याच्या शैलीनुसार शिकवावे, ही समजूतही सार्वत्रिक आहे. हॅरॉल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला असता अशा अध्यापनाला पुरेसा पुरावा आढळला नाही. बहुमाध्यम अध्ययनाचा सिद्धांत शैलींच्या वर्गीकरणावर आधारलेला नाही. दोन्ही मार्ग प्रत्येक शिकणाऱ्याकडे असतात, हेच त्याचे गृहीतक आहे.

## अध्यापनातील उपयोग

ज्या घटना फार सूक्ष्म, फार विशाल, अतिशीघ्र, अतिमंद किंवा धोकादायक असतात, त्यांच्या अध्यापनात बहुमाध्यमांचा विशेष उपयोग होतो. पेशीविभाजन, ग्रहांचे भ्रमण, भूपट्टांची हालचाल व विद्युतमंडलातील विद्युतप्रवाह ही त्याची उदाहरणे होत. उलटपक्षी, अंगणातील रोपाचे निरीक्षण किंवा लिंबाच्या रसाची लिटमस कागदावरील चाचणी यांसारख्या सहजसाध्य अनुभवांची जागा चित्रफितीने घेणे इष्ट मानले जात नाही.

आभासी प्रयोगांमध्ये विद्यार्थी स्वतः राशी बदलून परिणाम पाहू शकतो. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील असे प्रयोग विनामूल्य उपलब्ध असून त्यांपैकी अनेकांचे मराठी भाषांतर झाले आहे. गणितात ‘जिओजेब्रा’ या संगणकप्रणालीचा वापर भूमिती व बीजगणित यांचा संबंध दाखवण्यासाठी होतो.

भारतीय भाषांच्या दृष्टीने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उल्लेखनीय आहे. यात मुक्त संगणकप्रणाली शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे पाठ आहेत. पडद्यावर प्रणालीचे प्रत्यक्ष चित्रण दिसते आणि त्यासोबत निवेदन ऐकू येते. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे, मात्र पडद्यावरील दृश्य इंग्रजीच ठेवलेले आहे. त्यामुळे विद्यार्थ्याला स्पष्टीकरण स्वभाषेत मिळते आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी दिसणारी इंग्रजी आज्ञावलीही परिचयाची होते. पाहिलेली कृती शेजारच्या खिडकीत लगेच करून पाहणे हा या पाठांच्या पद्धतीचा भाग आहे. निवेदन, लहान टप्पे व सक्रिय सहभाग ही तिन्ही तत्त्वे येथे एकत्र आढळतात.

शिक्षकाच्या दृष्टीने चित्रफीत सलग दाखवण्यापेक्षा ती मध्येच थांबवणे, पुढे काय होईल याचा अंदाज विद्यार्थ्यांना विचारणे, आकृती त्यांच्याकडून स्वतः काढून घेणे आणि शेवटी आशय त्यांच्या शब्दांत सांगायला लावणे या कृती उपयुक्त ठरतात. त्यांमुळे पाहणाऱ्याची भूमिका प्रेक्षकाची न राहता शिकणाऱ्याची होते.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एकाहून अधिक माध्यमांची उपलब्धता ही सोय नसून गरज असते. दृष्टिबाधितांना चित्रांचे शाब्दिक वर्णन व पडदावाचक प्रणालीला वाचता येईल असा युनिकोड मजकूर लागतो. कर्णबधिरांना तळओळी व सांकेतिक भाषेतील निवेदन लागते. छापील पानाची प्रतिमा स्वरूपातील प्रत या दृष्टीने अपुरी असते.

## भारतातील वाटचाल

भारतात मोठ्या प्रमाणावरील पहिला प्रयत्न म्हणजे १९७५–७६ मधील उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग, अर्थात ‘साइट’. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने इस्रोने तो राबवला. आंध्र प्रदेश, ओडिशा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवण्यात आले. सकाळी शाळकरी मुलांसाठी व सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम प्रक्षेपित होत. याच प्रयोगात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यासाठी दूरचित्रवाणी, रेडिओ, छापील साहित्य, प्रत्यक्ष कृती व गटचर्चा यांचा एकत्रित संच वापरण्यात आला.

१९८० च्या दशकात इन्सॅट उपग्रहांमुळे हा मार्ग विस्तारला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झाला. खास शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. अभियांत्रिकी शिक्षणासाठी भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये ‘एनपीटेल’ हा प्रकल्प सुरू केला. २०१७ मध्ये उच्च शिक्षणासाठी ‘स्वयम्’ आणि प्रामुख्याने शालेय शिक्षणासाठी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय मंच कार्यान्वित झाले.

### महाराष्ट्र

महाराष्ट्रात दूरचित्रवाणीसाठी शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती करण्याकरिता १९८४ मध्ये पुणे येथे राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. ती ‘बालचित्रवाणी’ या नावाने ओळखली जाते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी तिने तयार केलेले कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होत. ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली.

२०१५ मध्ये राज्य शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला. या काळात अनेक जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणीतून संगणक, प्रक्षेपक व टॅब्लेट मिळवून ‘डिजिटल शाळा’ उभ्या केल्या. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत चिकटवून त्यांद्वारे कविता, चित्रफिती व स्वाध्याय उपलब्ध करून दिले. या कार्याची दखल घेऊन २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरही असे संकेत छापले जाऊ लागले. ते स्मार्टफोनने वाचल्यास ‘दीक्षा’ मंचावरील पूरक सामग्री उघडते.

कोविड-१९ साथीच्या काळात शाळा बंद असताना जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली. पहिली ते आठवीच्या पाठ्यक्रमावर आधारित असलेल्या या मालिकेत घरात व परिसरात करता येतील अशा कृतींवर भर होता. इंटरनेट नसलेल्या कुटुंबांपर्यंत पोहोचण्यासाठी दूरचित्रवाणी हे जुने माध्यम पुन्हा उपयोगी पडले.

## परिणामकारकतेविषयी मतभेद

माध्यमामुळे अध्ययन घडते की अध्यापनपद्धतीमुळे, हा या क्षेत्रातील मूलभूत वाद आहे. अमेरिकन संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये असे प्रतिपादन केले, की माध्यमे ही केवळ वाहने असून मालवाहू गाडीमुळे जसे आपल्या आहाराचे पोषणमूल्य बदलत नाही, तसे माध्यमामुळे अध्ययन बदलत नाही. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९० च्या दशकात याला विरोध केला. काही माध्यमांची अंगभूत वैशिष्ट्ये विशिष्ट पद्धती शक्य करतात, म्हणून माध्यम व पद्धती यांचा विचार वेगळा करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रत्यक्ष अनुभवांतून दोन्ही बाजूंचे मर्म स्पष्ट होते. पेरू देशाने ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेखाली आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातील ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकांची उपलब्धता मोठ्या प्रमाणात वाढली होती, परंतु गणित व भाषा यांतील गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. याउलट दिल्लीतील शाळाबाह्य केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ या संगणकप्रणालीची चाचणी घेण्यात आली. ही प्रणाली इयत्ता न पाहता विद्यार्थ्याची प्रत्यक्ष पातळी ओळखून त्यानुसार प्रश्न व स्पष्टीकरणे देते. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग व अलेजांद्रो गॅनिमियन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सुमारे साडेचार महिन्यांत ही संधी मिळालेल्या गटाची प्रगती इतरांपेक्षा गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनांनी अधिक झाली. पहिल्या योजनेत मुख्यतः साधन पोहोचवले गेले होते. दुसऱ्या प्रयोगात विद्यार्थ्याची नेमकी अडचण शोधून अध्यापन तिच्याशी जुळवलेले होते.

## मर्यादा आणि प्रश्न

डिजिटल बहुमाध्यमांच्या वापरातील सर्वांत मोठा प्रश्न समान संधीचा आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार शाळेत दाखल असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. मात्र त्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. घरात एकच फोन असणे, तो कामावर जाणाऱ्या पालकाकडे असणे व भावंडांमध्ये तो वाटून घ्यावा लागणे यांमुळे ‘फोन आहे’ आणि ‘शिकण्यासाठी फोन मिळतो’ या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. शाळांच्या बाबतीतही उपकरणे मिळाल्यानंतर वीजबिल, दुरुस्ती, इंटरनेट जोडणी व शिक्षकांचे प्रशिक्षण यांसाठी सातत्याने तरतूद करावी लागते. एकदाच मिळालेल्या देणगीतून हा खर्च भागत नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. इंग्रजीतील सामग्रीचे शब्दशः भाषांतर केल्यास वाक्ये दीर्घ होतात आणि निवेदन दृश्याच्या मागे पडते. त्यामुळे कालिक सान्निध्याचे तत्त्व मोडते. शिवाय महाराष्ट्रात गोंडी, भिली, कोरकू यांसारख्या भाषा घरी बोलणाऱ्या मुलांसाठी प्रमाण मराठीतील निवेदनही परके असू शकते.

तिसरा प्रश्न लक्षविचलन, पडद्यासमोरील वाढता वेळ आणि मुलांविषयीच्या माहितीची गोपनीयता यांचा आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण संनियंत्रण अहवालाने शिक्षणातील तंत्रज्ञानाचा विस्तृत आढावा घेतला. तंत्रज्ञानाच्या वाढीव उपयुक्ततेबाबत भक्कम व निःपक्षपाती पुरावा अपुरा असल्याचे त्यात नोंदवले असून, तंत्रज्ञानाने शिक्षकाशी होणाऱ्या प्रत्यक्ष संवादाची जागा न घेता त्याला पूरक ठरावे, अशी भूमिका मांडली आहे.

## हे सुद्धा पहा

* शैक्षणिक तंत्रज्ञान
* संज्ञानात्मक भार सिद्धांत
* कार्यकारी स्मृती
* दूरशिक्षण
* बालभारती
* उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग